भाग अकरावा : निर्जन ग्रह

शनिवारी सव्वापाचला आमचं दार कोणी वाजवत नाही.
अख्ख्या गावाला ठाऊक आहे : पोस्टातली नेस्टा प्रोबर्ट,
चाळिशी ओलांडलेली, एरवी शहाणीसुरती,
या वेळी पृथ्वीवर नसते.

वही मांडीवर, पेन्सिल कानामागे.
‘तारागस्त’, वर्ष तिसरं, भाग अकरावा.

सुरुवातीलाच एक गुण कापला.
पोकळीत स्फोटाचा आवाज होत नसतो,
हे मी त्यांना दोनदा पत्रानं कळवलंय.
(दुसऱ्या पत्राला उत्तर आलं : सहीचा फोटो. भलत्याच नटाचा.)
यंत्रमानव टिगच्या पोटावरचं झाकण
गेल्या आठवड्यात डावीकडे उघडत होतं.
चालायचंच. प्रेम म्हणजे तरी दुसरं काय,
खोडी काढायच्या
आणि पुढच्या शनिवारी पुन्हा येऊन बसायचं.

मग यान उतरलं.
कॅप्टन व्हेसनं शिरस्त्राणाची काच वर सारली
आणि म्हणाली,
‘पाण्याचा टिपूस नाही. जीव नाही.
इथं कधी कोणी नव्हतंच. कोरी पाटी.’

चहा माझ्या हातात तसाच राहिला.

कारण तिच्या पाठीमागे तो उतार होता,
जांभळट करडा, पायऱ्यापायऱ्यांचा, भिजून चकाकणारा.
(टिपूस नाही म्हणे! वेल्सच्या या कोपऱ्यात
पावसाची रजा कधी मंजूरच होत नाही.)
आणि तिसऱ्या पायरीवर ती आडवी भेग.

त्या भेगेखाली माणसं डबे उघडून बसायची.
किटलीभोवती भांडायची, बायबलवरून,
निवडणुकीवरून, रविवारी कोणाचा खर्ज बसला यावरून.
माझे वडील, इव्हान प्रोबर्ट,
दगडाला नुसती टिचकी मारून सांगायचे
तो कुठे दुभंगेल.
छिन्नीवर एक ठोका,
आणि दगड पुस्तकासारखा उघडायचा :
आजवर कोणीच न वाचलेलं पान.

पाटी, कॅप्टन. खरीखुरी पाटी.
कुठल्या कुठल्या देशांतल्या पोरांनी
जिच्यावर पहिलं अक्षर गिरवलं, थुंकी लावून पुसलं,
ती इथून गेली गाड्या भरभरून.
थोडी वडिलांनी घरीही आणली, फुप्फुसांत.
रात्री खोकताना वाजायची.

मी उभी राहिले. टीव्हीशी बोलले, वेल्शमध्ये,
राग आला की मला इंग्रजी सुचत नाही.
‘मागे बघ गं बाई. एकदा मागे वळून बघ.’

नाही बघितलं. पटकथेत नव्हतं.

पण शेवटाकडे, सगळे यानात चढत असताना,
टिग थांबला.
वाकला, त्या पत्र्याच्या कमरेत,
जिला वाकणं कोणी शिकवलेलंच नाही
(किंवा आतला नट घसरला असेल बिचारा;
ओल्या पाटीवर भलेभले घसरतात),
एक कपरी उचलली,
उजेडात धरली,
आणि बोटानं वाजवली.

टण्ण.

चांगला दगड. आत कुठे तडा नाही.
हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको.

संगीत सुरू झालं, नावं वर सरकू लागली.
नटांची, शिंप्यांची, स्फोट करणाऱ्या गृहस्थांची.
उताराचं नाव नव्हतं.

रात्री लिव्हरपूलला फोन लावला, मेरेरिदला.
म्हटलं, ‘बाबांची जागा आज अंतराळात होती.’
ती म्हणाली, ‘आम्ही रग्बी लावलं होतं.’
मग बराच वेळ काही बोलली नाही.
मग विचारलं,
‘भेग दिसत होती?’

वहीत गुणांची जागा अजून रिकामीच आहे.

पुढच्या शनिवारी दुसरा ग्रह, वाळूचा.
झलक दाखवली : नुसत्या टेकड्या, चिटपाखरू नाही.
मला तर तो हार्लेकचा किनारा वाटतो.
तिथं माझी मावशी गाढवं भाड्यानं द्यायची.

पेन्सिल तासून ठेवली आहे.